ओल्या थंडीतील वनकाम आणि हातमोज्यांची निवड

१. विषयप्रवेश

जयपूर शहराच्या दक्षिणेस, सांगानेरच्या बाजूला, टोंककडे जाणाऱ्या रस्त्यालगत सीतापुरा नावाची औद्योगिक वसाहत आहे. येथील हवा कोरडी असते. वर्षाकाठी पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातील बहुतेक पावसाळ्याच्या तीन महिन्यांतच पडून जातो. जानेवारीत पहाटेचा पारा सरासरीने ८ अंश सेल्सियसच्या जवळपास उतरतो. परंतु ऊन वर आले म्हणजे आखडलेले हात मोकळे होतात. अशा हवेत रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या फांद्या छाटणाऱ्या किंवा पडीक जागेतील विलायती बाभूळ तोडणाऱ्या मजुराने साधे सुती हातमोजे घातले, तरी थंडीपुरते त्याचे भागते.

मात्र याच हिवाळ्यात पश्चिमी झंझावातामुळे एखादे दिवशी आभाळ भरून येते आणि बारीक पाऊस सुरू होतो. राजस्थानात या पावसाला ‘मावठ’ म्हणतात. गहू, हरभरा व मोहरी या पिकांना तो मोलाचा वाटतो; पण उघड्यावर काम करणाऱ्याच्या हातांना तो फार जाचतो. मोजे कालचेच, काम कालचेच, आणि हवेचे तापमान तर कालच्या पहाटेपेक्षा थोडे अधिकच असते. तरीही थोड्याच वेळात बोटे बधिर होतात, कोयत्याची मूठ सैल पडते आणि काम थांबवून हात काखेत धरून बसावे लागते.

हाच अनुभव आपल्या महाराष्ट्रात निराळ्या रूपाने येतो. महाबळेश्वर हे तेराशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भर जुलैत तापमान १७ ते २० अंशांच्या दरम्यान असते. तापमापकाकडे पाहिले तर ही काही कडाक्याची थंडी नव्हे. परंतु त्या धुक्यात आणि वाऱ्यात सकाळपासून रोपे लावणाऱ्या किंवा घाटरस्त्यावर पडलेले झाड कापून बाजूला करणाऱ्या माणसाला विचारावे. हात काकडून गेल्याचे तो सांगेल.

असे का होते, आणि अशा कामासाठी हातमोजे कसे निवडावेत, हे दोन प्रश्न या पाठात विचारात घ्यावयाचे आहेत. हा विषय केवळ सोयीचा नाही. बधिर झालेल्या हाताला हत्याराची धार कळत नाही, पकड सुटते आणि मग इजा होते. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला हाताची इजा म्हणजे घरच्या चुलीचा प्रश्न असतो.

२. हात लवकर गार का पडतो?

आपल्या शरीराच्या गाभ्याचे तापमान सुमारे ३७ अंश असते आणि ते टिकविणे ही शरीराची पहिली गरज असते. बाहेर थंडी वाढली की शरीर हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे उबदार रक्त बोटांकडे कमी जाते आणि हृदय, फुप्फुसे व मेंदू यांची ऊब राखली जाते. गाभा वाचविण्यासाठी शरीर बोटांची ऊब खर्ची घालते, असे म्हटले तरी चालेल.

बोटांची रचनाही या बाबतीत प्रतिकूल आहे. ती बारीक व लांबट असल्यामुळे त्यांच्या आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो आणि उष्णता चहूबाजूंनी निघून जाते. शिवाय बोटे हलविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. बोटांपर्यंत केवळ त्यांचे दोरीसारखे कंडरे पोहोचतात. म्हणून बोटांना स्वतःची अशी ऊब फारशी निर्माण करता येत नाही. त्यांना लागणारी उष्णता रक्तानेच आणून द्यावी लागते, आणि ते रक्त कोपराखालचा हात व मनगट यांतून येते. मनगट उघडे व ओले राहिले, तर बोटांवर कितीही जाड मोजा असला तरी त्यांच्यापर्यंत येणारे रक्त वाटेतच थंडावते.

हाताच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की बोटांचे कसब मंदावू लागते; गाठ मारणे, खिळा धरणे, रोपाची पिशवी सोडविणे ही कामे अवघड होतात. ते ८ अंशांच्या आसपास आले की स्पर्शज्ञान जवळजवळ नाहीसे होते. थंड पाण्यात बोट बराच वेळ राहिल्यास त्यातील रक्तवाहिन्या अधूनमधून उघडतात आणि पुन्हा मिटतात, असे थॉमस लुइस या ब्रिटिश वैद्याने १९३० साली दाखवून दिले. ही शरीराने केलेली संरक्षणाची एक तजवीज आहे. परंतु सर्व शरीरच गारठले असेल तर ती दुबळी पडते. यावरून एक व्यावहारिक धडा मिळतो. हात उबदार ठेवायचे असतील, तर छाती, डोके आणि पोट आधी कोरडे व उबदार ठेवले पाहिजेत.

३. ओलावा उष्णता कशी पळवितो?

हातमोज्याची ऊब कशात असते, असे विचारले तर पुष्कळ जण ‘कापडात’ किंवा ‘लोकरीत’ असे उत्तर देतील. वस्तुतः ती ऊब धाग्यांच्या दरम्यान अडकलेल्या हवेत असते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी हे हवेच्या मानाने सुमारे चोवीसपट जलद उष्णता वाहून नेते. मोजा भिजला म्हणजे धाग्यांमधील हवा बाहेर पडून तिची जागा पाणी घेते. पूर्वी जेथे उष्णतेपुढे बंद दार होते, तेथे आता तिला वाहून नेणारी वाट तयार होते.

दुसरे नुकसान बाष्पीभवनाचे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. माठातील पाणी गार राहते ते याच कारणाने. ओला मोजा हा हातावर चढविलेला माठच होय. त्याचा हिशोब करून पाहू. एका सुती मोज्याने ४० ग्रॅम पाणी धरले आहे असे समजा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. तेव्हा हे सर्व पाणी वाळण्यास ४० × २,४०० म्हणजे ९६,००० ज्यूल उष्णता लागेल. स्वस्थ बसलेल्या मनुष्याचे संपूर्ण शरीर मिनिटाला सुमारे ६,००० ज्यूल उष्णता निर्माण करते. म्हणजे एक मोजा वाळविण्यासाठी संपूर्ण शरीराची सोळा मिनिटांची कमाई खर्च होईल. ही सर्व उष्णता हातच देतो असे नाही, काही भाग हवेकडूनही मिळतो. तरीही हातावरील भार किती मोठा आहे हे यावरून ध्यानात येईल. वारा वाहत असेल तर बाष्पीभवन अधिक वेगाने होते आणि हा भार आणखी वाढतो.

सीतापुऱ्यातील मजुराचे कोडे आता उलगडते. कोरड्या पहाटे त्याच्या सुती मोज्यात हवा होती. मावठाच्या दिवशी त्यात पाणी आहे.

४. एक सोपा प्रयोग

हे तत्त्व शाळेत सहज पडताळून पाहता येते. सारख्या आकाराचे चार स्टीलचे पेले घ्या. प्रत्येकात सुमारे ५० अंश तापमानाचे सारखेच पाणी घाला आणि वर पुठ्ठ्याचे झाकण ठेवा. पहिल्या पेल्याभोवती कोरडे सुती कापड गुंडाळा. दुसऱ्याभोवती तेवढेच सुती कापड भिजवून, पिळून गुंडाळा. तिसऱ्याभोवती तसेच ओले कापड गुंडाळून वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. चौथ्याभोवती लोकरीचे कापड भिजवून, पिळून गुंडाळा. चारही पेले पंख्यासमोर ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान मोजून वहीत नोंदवा.

पहिला पेला सर्वांत सावकाश निवेल आणि दुसरा झपाट्याने. तिसऱ्यातील बाष्पीभवन पिशवीमुळे रोखले गेल्याने तो दुसऱ्यापेक्षा सावकाश निवेल. मात्र कापड ओले असल्याने पहिल्याची बरोबरी त्याला साधणार नाही. चौथ्याची तुलना दुसऱ्याशी करावी आणि फरक का पडतो याचा वर्गात विचार करावा. नोंदींवरून आलेख काढल्यास फरक अधिक स्पष्ट होतो.

या प्रयोगातून हातमोज्यांच्या निवडीचा मुख्य नियम हाती येतो: ओल्या थंडीत जाडीपेक्षा कोरडेपणाला अधिक महत्त्व आहे. बाहेरचे पाणी आत येऊ न देणे आणि आत साचलेला घाम वेळोवेळी काढून टाकणे, या दोन्ही गोष्टी साधल्या पाहिजेत.

५. पदार्थांची पारख

सूत. सुती मोजा स्वस्त, मऊ व धुण्यास सोपा असतो. कोरड्या हवेत किंवा रबरी मोज्याच्या आत अस्तर म्हणून तो चांगला. मात्र तो पाणी भरपूर शोषतो, भिजल्यावर चपटा होतो आणि वाळण्यास वेळ घेतो. पावसात तो एकटा वापरू नये.

लोकर. सह्याद्रीतील धनगर शेकडो वर्षे घोंगडी पांघरून पावसात मेंढ्या राखीत आला आहे. घोंगडी भिजते, जड होते. तरीही तिच्या आत ऊब राहते. याचे कारण लोकरीच्या केसाच्या रचनेत आहे. हा केस कुरळा व लवचीक असल्याने ओला झाला तरी दबून जात नाही आणि त्याच्या वळणांत काही हवा टिकून राहते. शिवाय आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा वाफेच्या रूपाने तो हाताला ओलसर न लागता सामावून घेतो आणि तसे करताना थोडी उष्णताही बाहेर टाकतो. म्हणून आतील अस्तरासाठी लोकर ही उत्तम निवड होय. तिच्या उणिवा दोन: ती घासून लवकर विरते आणि काट्यांत अडकते. तेव्हा तिच्यावर दुसरे कवच हवे.

चामडे. काटे, खडबडीत साल आणि बांबूची धारदार कूस यांपासून बचाव करण्यात चामड्याचा हात धरणारा पदार्थ थोडाच सापडेल. परंतु सर्व चामडी सारखी नसतात. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा अशा वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले चामडे भिजून वाळले की ताठर होते. कोल्हापुरी चप्पल पावसाळ्यात माळ्यावर का ठेवतात, हे वाचकांना सांगावयास नको. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे भिजून वाळल्यावरही बरेच मऊ राहते. म्हणून कामाच्या मोज्यांसाठी बहुधा तेच वापरतात. चामड्यावरील संशोधनासाठी चेन्नई येथे १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था या शास्त्रातील आपली प्रमुख प्रयोगशाळा आहे.

चामड्याच्या थरांकडेही पाहावे. केसांच्या बाजूचा वरचा दाणेदार थर घट्ट असतो आणि पाणी काही काळ रोखतो. खालचा, चिरून वेगळा केलेला थर लवदार व स्वस्त असतो. पण टीपकागदासारखा पाणी पितो. बाजारात सर्वत्र दिसणारे राखाडी, जाड मोजे पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचे असतात. कोरड्या कामात ते चांगले टिकतात. पावसात मात्र ते जड व गार होतात. बोटांची हालचाल मोकळी हवी असेल तर शेळीचे पातळ चामडे, आणि भारी ओंडके हाताळायचे असतील तर म्हशीचे किंवा गाईचे जाड चामडे, असा सर्वसाधारण विवेक ठेवावा.

रबर व संश्लिष्ट पदार्थ. विणलेल्या मोज्यावर रबराचा किंवा तत्सम पदार्थाचा लेप दिलेले मोजे आता गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. नैसर्गिक रबराचा लेप थंडीतही लवचीक राहतो आणि खडबडीत केल्यास ओल्या लाकडावर चांगली पकड देतो. मात्र तेल व पेट्रोल त्याला सोसत नाही, आणि काही जणांच्या त्वचेला त्याचे वावडे असते. नायट्रिल हे संश्लिष्ट रबर तेलाला दाद देत नाही, म्हणून यंत्र हाताळणाऱ्यास ते सोयीचे. पीव्हीसीचा मोजा पाणी पूर्णपणे अडवितो व स्वस्त असतो. पण थंडीत तो कडक होतो आणि बोटांची हालचाल जड करतो.

लेप कोठवर आहे हेही पाहावे. केवळ तळव्यावर लेप असलेल्या मोज्यात पाठीकडून वारा व घाम यांना वाट मिळते, परंतु पाऊसही त्याच वाटेने आत येतो. पूर्ण लेप असलेल्या मोज्यात पाऊस येत नाही, पण घाम आतच राहतो. दोहोंपैकी कोणताही सर्वगुणसंपन्न नाही. कामावरून निवड करावी लागते.

६. कामाप्रमाणे मोजा

‘जंगलातील काम’ हे एक नाव असले तरी त्यात अनेक कामे येतात, आणि प्रत्येकाची हाताकडून होणारी मागणी वेगळी असते.

रोपलावणी. १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून जुलैतील रोपलावणी देशभर परिचित झाली आहे. या कामात रोपाची पिशवी फाडणे, मुळे न दुखविता माती दाबणे अशी नाजूक हालचाल असते आणि हात सतत चिखलात असतो. येथे पातळ, पूर्ण लेपाचा व खडबडीत तळव्याचा मोजा योग्य. कोकणात याला आणखी एक कारण आहे. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो आणि त्याचे जंतू जखमेतून, किंवा पाण्याने नरम पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. हातावर चीर असेल तर चिखलात उघडा हात घालू नये. मोजा असला तरी पाय उघडे असल्यास धोका उरतो, हेही विसरू नये.

काटेरी झुडपे काढणे. पावसाने माती मऊ झाली की घाणेरी मुळासकट उपटणे सोपे जाते. राजस्थानात विलायती बाभूळ तोडताना तिचे लांब, ताठ काटे विणीच्या मोज्यातून सहज आरपार जातात. अशा कामाला मनगटाच्या वरपर्यंत येणारा जाड चामड्याचा मोजा हवा, आणि आत लोकरीचे पातळ अस्तर.

बांबूतोड. चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांत पावसाळा ओसरल्यावर बांबूची तोड सुरू होते. सकाळी पाने दवाने भिजलेली असतात आणि बांबूची कूस पात्यासारखी कापते. बांबू धरणाऱ्या हातात चामड्याचा किंवा काप न लागू देणाऱ्या धाग्याचा लेपयुक्त मोजा असावा. कोयता चालविणाऱ्या हातातील मोजा असा हवा की मूठ त्यात फिरणार नाही. दोन हातांत दोन प्रकारचे मोजे घालण्यात काहीही चूक नाही.

खाज व चीक यांपासून बचाव. खाजकुयलीच्या शेंगांवरील बारीक कुसळे लोकरीत व सुतात रुतून बसतात आणि नंतर घरापर्यंत येतात. तेथे गुळगुळीत, धुता येणारा रबरी मोजाच हवा. बिब्ब्याचा चीक त्वचा भाजून काढतो. तो चामड्यात मुरला तर धुऊनही पूर्ण जात नाही. असा मोजा पुन्हा वापरू नये.

७. यंत्रकरवत आणि कंप

पावसाळ्यात घाटरस्त्यांवर झाडे कोसळतात आणि ती दूर करण्यासाठी साखळीची यंत्रकरवत वापरली जाते. हिच्याबाबत धार आणि कंप असे दोन धोके आहेत.

करवतीची पुढील मूठ डाव्या हातात असते. साखळी उसळल्यास तोच हात तिच्या अधिक जवळ असतो. म्हणून या कामासाठीच्या खास मोज्यांत डाव्या हाताच्या पाठीवर संरक्षक तंतूंचे जादा थर घालतात. हे तंतू साखळीत गुंतून तिचा वेग कमी करतात. असा मोजा जखम सौम्य करू शकतो, परंतु फिरती साखळी हमखास थांबवील असे मुळीच मानू नये.

कंपाचा धोका सावकाश येतो व म्हणून दुर्लक्षिला जातो. थंडीत बोटे एकाएकी पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ साली केले. १९११ साली इटलीत जिओव्हानी लोरिगा यांनी कंप पावणारी हत्यारे वापरणाऱ्या कामगारांत हा विकार नोंदविला. पुढे १९१८ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथील दगडखाणीच्या कामगारांचे हात डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तपासले. हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांमुळे त्यांची बोटे थंडीत पांढरी व बधिर होत असल्याचे त्यांना आढळले. यंत्रकरवत जंगलात आल्यानंतर लाकूडतोड्यांतही तेच दिसून आले. कंपाने बोटांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना इजा होते आणि थंडीमुळे तिचे झटके येतात. विकार वाढला तर सदऱ्याची गुंडी लावणेही कठीण होते.

येथे मोज्याकडून किती अपेक्षा ठेवावी? मऊ गादीचा मोजा यंत्रकरवतीचा कंप विशेष कमी करू शकत नाही. त्याचा खरा उपयोग हात उबदार व कोरडा ठेवण्यात आहे. कंप कमी करण्याचे मार्ग वेगळे: रबरी धक्काशोषक असलेली चांगली करवत, धारदार साखळी, सैल परंतु खंबीर पकड, आणि कामाची आलटून-पालटून वाटणी. बोटांना मुंग्या येणे किंवा त्यांची टोके पांढरी पडणे ही पहिली खूण दिसताच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

८. माप, मनगट आणि खुणा

घट्ट मोजा दुहेरी हानी करतो. तो रक्तप्रवाह दाबतो आणि ऊब देणारी हवाही दाबून काढतो. सैल मोजा घडी पडून मूठ निसटवितो. माप घेण्याची रीत सोपी आहे. अंगठा वगळून, बोटांच्या मुळांशी तळव्याभोवती फीत गुंडाळावी आणि घेर मोजावा. घेर २०३ मिलिमीटर, म्हणजे ८ इंच असेल तर मोज्याचा क्रमांक ८; २२९ मिलिमीटर असेल तर क्रमांक ९. आत अस्तर घालावयाचे असल्यास ते घालून माप घ्यावे. स्त्रियांचे हात पुष्कळदा ६ किंवा ७ क्रमांकाचे असतात. रोपवाटिकांत व लावणीच्या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने असताना त्यांना क्रमांक १० चे मोजे वाटणे म्हणजे मोजे न देण्यासारखेच आहे.

मनगटाची पट्टी विणलेली व अंगासरशी असावी. हात खाली ठेवून काम करावयाचे असेल तर सदऱ्याची किंवा रेनकोटाची बाही मोज्यावरून घ्यावी, म्हणजे पाणी मोज्यात उतरणार नाही. फांद्या छाटण्यासाठी हात वर धरावा लागत असेल तर उलट करावे. बाही मोज्याच्या आत घ्यावी. एवढ्या लहानशा युक्तीने पुष्कळ ओल टळते.

खरेदी करताना मोज्यावरील खुणा वाचाव्यात. चामडी व सुती संरक्षक मोज्यांसाठी भारतीय मानक ६९९४, भाग पहिला, १९७३ साली प्रसिद्ध झाले. अनेक मोज्यांवर युरोपीय मानकांच्याही खुणा असतात. ‘ईएन ३८८’ या खुणेखाली अनुक्रमे घासणे, कापणे, फाटणे आणि टोचणे यांविरुद्धची पात्रता अंकांनी दिलेली असते. अंक जितका मोठा तितकी पात्रता अधिक. ‘ईएन ५११’ ही थंडीसंबंधीची खूण असून तिच्याखालील पहिला अंक हवेच्या थंडीसाठी, दुसरा थंड वस्तूच्या स्पर्शासाठी आणि तिसरा पाण्यासाठी असतो. तिसऱ्या स्थानी १ असेल तर मोजा पाणी रोखण्याच्या कसोटीस उतरला आहे, ० असेल तर नाही. पावसात काम करणाऱ्याने हा शेवटचा अंक अवश्य पाहावा.

९. मोजा कोठे घालू नये?

मोजा हे संरक्षण आहे, तसाच प्रसंगी तो धोकाही होतो. खड्डे पाडणारे फिरते यंत्र किंवा फांद्यांचा चुरा करणारे यंत्र यांजवळ लांब, सैल मनगटाचा मोजा घालू नये. त्याचे टोक अडकले तर यंत्र हातच ओढून नेते. विजेच्या तारांजवळील फांद्या छाटताना साधा रबरी मोजा विजेपासून वाचवील, अशी समजूत प्राणघातक आहे. वीजरोधक मोज्यांसाठी भारतीय मानक ४७७० हे स्वतंत्र मानक असून ते मोजे विजेच्या दाबाखाली तपासलेले असतात. औद्योगिक वसाहतीत झाडे व तारा शेजारी असतात. तेथे वीजपुरवठा बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय फांदीला हात लावू नये.

१०. वापर आणि निगा

इतक्या चर्चेनंतर वाचक विचारील, ‘मग घ्यावा तरी कोणता एक मोजा?’ याचे उत्तर असे, की ओल्या थंडीत एका जोडीवर दिवस काढण्याचा विचारच सोडावा. कामाला साजेसा एक बाहेरचा मोजा आणि लोकरीच्या पातळ अस्तरांच्या दोन-तीन जोड्या, असा संच करावा. अस्तर ओले झाले की हात पुसून कोरडे अस्तर चढवावे. राखीव जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आतील खिशात ठेवावी. अंगाच्या उबेने ती गरम राहते. जड, घाम आणणारे काम चालू असताना पातळ अस्तर आणि विसाव्याच्या वेळी जाड अस्तर वापरावे. हात गारठण्याची वाट पाहून मग मोजे घालण्यापेक्षा हात गरम असतानाच घालावेत, कारण मोजा ऊब निर्माण करीत नाही. तो असलेली ऊब राखतो.

संध्याकाळी मोजे उलटे करून वाऱ्यावर वाळवावेत. चुलीशेजारी ठेवलेले चामडे आखडते व तडकते, आणि रबर चिकट होते. वाळलेल्या चामड्यास मेण किंवा चामड्याचे तेल थोडेसे चोळावे. रबरी मोज्यात पाणी भरून दाबून पाहिल्यास बारीक भोक लगेच दिसते. रोज ओल्या थंडीत राहिलेल्या बोटांवर लालसर, खाजणारी सूज येते. तिला शीतव्रण म्हणतात आणि त्यासाठी हवा गोठणबिंदूपर्यंत उतरण्याची गरज नसते. असे हात विस्तवावर धरू नयेत; बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही. ते कोरडे करून अंगाच्या उबेने किंवा कोमट पाण्याने हळूहळू गरम करावेत.

उपसंहार

कोरड्या थंडीत हातमोज्याची जाडी मोजावी. ओल्या थंडीत त्याचा कोरडेपणा राखावा. हात गार पडण्याची कारणे समजली म्हणजे दुकानातील ढिगातून योग्य मोजा निवडणे कठीण राहत नाही. जे इतरांकडून काम करवून घेतात, त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मजूर आपल्या पैशाने मोजे घेतो तेव्हा स्वस्तातली एकच जोडी घेतो आणि ती फाटेपर्यंत, ओलीच वापरतो. दुसरी कोरडी जोडी देण्याचा खर्च अल्प असतो. बधिर हातातून निसटलेल्या कोयत्याची किंमत मात्र कोणालाच भरून देता येत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. जानेवारीतील कोरड्या पहाटे पुरेसा ठरणारा सुती मोजा मावठाच्या दिवशी का पुरत नाही? दोन कारणे द्या.
२. एका मोज्याने २५ ग्रॅम पाणी शोषले असल्यास त्याचे संपूर्ण बाष्पीभवन होण्यास किती उष्णता लागेल?
३. मनगट झाकल्याने बोटे उबदार का राहतात?
४. आपल्या गावात पावसात केल्या जाणाऱ्या कोणत्याही तीन कामांची यादी करा आणि प्रत्येकासाठी कोणता मोजा निवडाल ते सकारण लिहा.
५. वर्गातील प्रत्येकाच्या तळव्याचा घेर मोजून त्याप्रमाणे मोज्यांचे क्रमांक ठरवा. एकाच मापाचे मोजे सर्वांना दिले तर कितीजणांना ते बसणार नाहीत?